नोर्विगचा कोरा कागद

नोर्विगच्या नगरपेटीला तीन कुलपं होती आणि त्यांच्या तीन किल्ल्या तीन घरांत राहायच्या: एक नगराध्यक्षाकडे, एक पाद्रीबाबांकडे आणि एक हातमोजेवाल्यांच्या म्होरक्याकडे. तिघं एकत्र आल्याशिवाय पेटी उघडत नसे आणि पेटी उघडल्याशिवाय शहराचा शिक्का बाहेर येत नसे. सगळं गाव कोणा एकाच्या मुठीत जाऊ नये म्हणून पणजोबांच्या वेळी कोणीतरी ही अक्कल लढवली होती. अक्कल चांगलीच होती. फक्त तिघंही एकाच दिवशी गाढवपणा करायला निघाले तर काय करायचं, ते पणजोबांनी लिहून ठेवलं नव्हतं.

सन सोळाशे साठचा सप्टेंबर होता. स्वीडिश फौजा दोन वर्षं राहून नुकत्याच गेल्या होत्या. जाताना त्यांनी नोर्विगमधला एकूण एक घोडा नेला. त्यांना हाकलायला जी दोस्तांची फौज आली होती, तिनं उरलेली डुकरं खाल्ली आणि कुंपणं जाळून शेक घेतला. मागोमाग साथ आली. आता राजाची तिजोरी रिकामी, म्हणून त्यानं सरदार, पाद्री आणि शहरं अशा तिन्ही थरांतली माणसं कोपनहेगनला बोलावली होती. नवे कर बसणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. प्रश्न एवढाच होता की ते कोणी भरायचे. सरदार आजवर कर भरत नव्हते आणि पुढेही भरायचा त्यांचा विचार नव्हता.

नोर्विगकडून दोघं जाणार होते. एक नगराध्यक्ष मोगेन्स ब्रांट आणि दुसरा हातमोजेवाल्यांचा म्होरक्या विलाड्स. दोघं एकाच गल्लीत वाढले, एकाच ओढ्यात बुडता बुडता वाचले. मोगेन्स बोलण्यात पटाईत, विलाड्स कामात. विलाड्सचे हातमोजे हाम्बुर्गपर्यंत जायचे. कोकराचं कातडं अंड्याच्या बलकात आणि पिठात मळून तो असं मऊ करायचा की अख्खा मोजा घडी करून अक्रोडाच्या टरफलात मावेल. पण गेली सहा वर्षं त्याला कातडीच मिळेनाशी झाली होती. नदीपलीकडे सरदार टागेची हेसेलगोरची जहागीर होती. आपल्या कुळांनी एकही कातडं शहरात विकायचं नाही, असा त्यानं हुकूमच काढला होता. सगळी कातडी तो स्वतः गोळा करायचा आणि स्वतःच्या जहाजातून परदेशी पाठवायचा. जकात नाही, कर नाही, विचारणारं कोणी नाही.

कोऱ्या कागदाची कल्पना मोगेन्सची. "दर वेळी काय होतं?" भर सभेत तो म्हणाला. "तिकडे एखादी गोष्ट ठरायला येते आणि आपण म्हणतो, थांबा, गावाला विचारून येतो. मग निम्मा मुलूख तुडवायचा, दोन समुद्र ओलांडायचे, वारा पडला की किनाऱ्यावर बसून माश्या मारायच्या. परत जाईपर्यंत सरदारांनी सगळं उरकलेलं असतं. या वेळी आपण गावाचा शिक्का मारलेला कागद घेऊनच जाऊ. मजकूर तिथे जे ठरेल तो लिहू."

"कोऱ्या कागदावर शिक्का?" रासमुस ओरडला. रासमुस कातडी कमवायचा आणि दिवसभर चुन्याच्या हौदाशी भांडून भांडून त्याचा आवाज तसाच झाला होता. "अरे, सकाळी सकाळी बिअर ढोसलीत का दोघांनी? मी माझ्या बायकोच्या हाती कोरा कागद देणार नाही, आणि ती चांगली बाई आहे!"

सभा हसली. नोर्विगच्या सभेत असंच चालायचं. पंचांना आणि नगराध्यक्षाला लोक तोंडावर काय वाटेल ते बोलत. का नाही बोलणार? दर फेब्रुवारीत लोकच तर त्यांना निवडत. ज्याला पंच करायचं त्याच्या पाठीमागे जाऊन उभं राहायचं, डोकी मोजायची, ज्याच्यामागे डोकी जास्त तो पंच. हा हक्क नोर्विगच्या सनदेत अडीचशे वर्षांपासून लिहिलेला होता. त्यावर राजेलोकांच्या सह्या होत्या, आणि सनद दाखवली की सरदार टागेसुद्धा वेशीबाहेर थांबायचा.

तेव्हा विलाड्स उठला. तो सभेत क्वचितच बोलायचा, त्यामुळे लोक गप्प झाले.

"कागद माझ्याजवळ राहील," तो म्हणाला. "आणि तुम्हाला ऐकवता येणार नाही असं एक अक्षर मी त्यावर लिहू देणार नाही. आपली सनद, आपले पंच, याला धक्का लागेल असं काही तर नाहीच नाही. हा माझा शब्द."

रासमुसनं विलाड्सकडे बोट केलं. "मोगेन्सनं मागितला असता तर दिला नसता," तो म्हणाला. "तू मागतोयस म्हणून देतो."

तीन किल्ल्या लागल्या. कागदाच्या तळाशी लाल लाख ओतून शिक्का दाबला आणि शिक्क्याच्या दोन बाजूंना मोगेन्सनं आणि विलाड्सनं सह्या केल्या. वर सगळा कागद पांढराशुभ्र. पाद्री आयलर यांनी त्यावर हात ठेवून प्रार्थनाही म्हटली.

कोपनहेगनमध्ये स्वीडिश वेढ्याच्या वेळचे तोफगोळे अजून भिंतींत रुतलेले होते. दोघं एका बिअरवाल्या विधवेच्या माडीवर एकाच पलंगावर झोपत. सकाळी काळा पाव आणि खारवलेला हेरिंग खाऊन सभेला जात आणि संध्याकाळी डोकं पिकवून परत येत. सरदारांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं: करातून आमची सुटका ही आमची वडिलोपार्जित आहे, तिला हात लावायचा नाही. वाटाघाटींत एका सरदारानं शहरवाल्यांचा उल्लेख 'बंदे लोक', म्हणजे गुलाम, असा केला. बंदे! म्हणजे दोन वर्षं तटावर उभं राहून ज्यांनी राजधानी वाचवली ते बंदे, आणि जे जहागिरीत लपून बसले ते मोकळे. त्या दिवशी विलाड्स जेवलाही नाही.

मग एक दिवस मोगेन्स धापा टाकत माडी चढून आला. "सापडली," तो म्हणाला. "सरदारांची नस सापडली."

"कोणाला?"

"पाद्रीमंडळींना आणि इथल्या शहरवाल्यांना. हे बघ, राजाला गादीवर कोण बसवतं? सरदार. बसवायच्या आधी त्याच्याकडून काय लिहून घेतात?"

"करारनामा."

"त्या करारनाम्यात काय असतं? सरदारांना कर नाही, सरदारांना जकात नाही, सरदारांशिवाय राजानं पाऊल उचलायचं नाही. आता समजा आपण म्हटलं, राजाला निवडायचंच नाही. बापामागून पोरगा, त्याच्यामागून त्याचा पोरगा. मग करारनामा कोण लिहून घेणार? कशाच्या जोरावर?"

विलाड्स पलंगावर बसला. विचार त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागे, पण शिरला की घट्ट बसे. टागेची कातडी, टागेची जहाजं, टागेचं ते ओठांच्या कोपऱ्यातून हसणं, सगळं त्या एका करारनाम्यावर उभं होतं. कागद फाटला की संपलं. "आणि राजाला आवरायला काय राहील?" त्यानं विचारलं.

"नवे नियम करू ना. सगळ्यांना सारखे. त्यात आपली सनद येईलच. राजाला आपण एवढं देतोय, तो काय आपल्याला विसरणार आहे?"

माणूस चिडलेला असला की त्याला दुसऱ्याचं नाक कापलं जाणं तेवढं दिसतं, सुरी कोणाच्या हाती गेली ते दिसत नाही. विलाड्सही माणूसच होता. दुसऱ्या दिवशी शहरवाल्यांच्या मागणीपत्राला त्यानं दोन्ही हात वर करून मान्यता दिली. हे मागणीपत्र सगळ्यांचं एकत्र होतं, त्यामुळे कोऱ्या कागदाला हात लावायची वेळ आली नाही.

सरदार आधी हसले, मग रागावले, मग घरी जायला निघाले. तेव्हा कळलं की राजाच्या हुकमानं शहराचे दरवाजे बंद आहेत. तटावर दुप्पट पहारा बसला होता आणि बंदरातून होडीही सुटत नव्हती. चार दिवसांत सरदारांनी मान तुकवली. करारनामा राजाला परत मिळाला, म्हणजे रद्दच झाला. किल्ल्यासमोर मंडप घालून, लाल कापड अंथरून तिन्ही थरांनी निष्ठेची शपथ घेतली. विलाड्सला राजा दिसलाच नाही, समोर टोप्यांची भिंत होती. पण कडेला उभ्या असलेल्या सरदारांचे चेहरे दिसले. ते बघून तो लहान मुलासारखा रडला आणि अनोळखी माणसांना मिठ्या मारत सुटला. हेच दरवाजे उद्या आपल्यावरही बंद होऊ शकतात, हे त्या दिवशी एकाही शहरवाल्याच्या मनात आलं नाही.

नवे नियम मात्र येईनात. एक समिती बसली आणि दोनच दिवसांत उठली. नियम राजानंच कृपाळू होऊन लिहावेत, असं म्हणे ठरलं. कोणी ठरवलं, ते नीट कोणालाच सांगता येईना. नोव्हेंबर गेला. डिसेंबरात प्रतिनिधींना सांगण्यात आलं की आपण आता घरी गेलात तरी चालेल.

त्याच आठवड्यात पाद्री आयलर यांचं पत्र आलं. विलाड्सची बायको सिडसेल तापानं अंथरुणाला खिळली होती. समुद्र गोठायच्या आत निघालं नाही तर मार्चपर्यंत अडकायला होणार होतं.

"तू जा," मोगेन्स म्हणाला. "मी थांबतो. नियम लिहून होतील तेव्हा आपलं कोणीतरी इथे हवं. नाहीतर इतर शहरांच्या सनदा आत आणि आपली बाहेर."

"कागदाचं काय?"

"तो घेऊन गेलास तर मी इथे राहून करू काय? रिकाम्या हातांना कोण विचारतं?"

विलाड्सनं छातीशी शिवलेल्या कातडी पिशवीतून कागद काढला. तीन महिने तो अंगावर बाळगल्यामुळे कडा जराशा मऊ झाल्या होत्या. "मोगेन्स," तो म्हणाला, "माझा शब्द आहे यावर. गावाला वाचून दाखवल्याशिवाय..."

"लेका, हे मला सांगतोस?" मोगेन्सला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "ओढ्यातून तुला कोणी बाहेर ओढलं होतं?"

विलाड्सनं कागद दिला.

सिडसेल वाचली. फार रोडावली, केस गळाले, पण जानेवारीच्या मध्याला ती खिडकीत बसून पुन्हा मोज्यांच्या शिवणी घालू लागली. गावात आनंदीआनंद होता. लोक रस्त्यात विलाड्सची पाठ थोपटत. रासमुसनं तर हेसेलगोरच्या कुळांशी गुपचूप बोलणीही सुरू केली होती: वसंतात कोकरांची कातडी कोणाला देणार, किती देणार. "टागे आता कर भरणार!" तो चुन्याच्या हौदावरून ओरडायचा. "मी त्याला पावती लिहून देईन. मला लिहिता येत नाही, पण त्याच्यासाठी शिकेन!"

सिडसेल तेवढी खूश नव्हती. "कागद देऊन आलास," ती एकदा म्हणाली. एवढंच.

"मोगेन्सकडे दिलाय. परक्याकडे नाही."

"हो. ते बोलले मी?" ती म्हणाली आणि दातानं दोरा तोडला.

फेब्रुवारीत, पंच निवडायच्या सभेच्या आदल्या दिवशी, दुपारी मोगेन्स आला. गेला होता तेव्हा गाढवाच्या गाडीतून गेला होता. आला तो घसरगाडीतून, दोन घोड्यांच्या; समुद्रावर बर्फ इतका घट्ट बसला होता की त्यावरून गाडी चालत होती. अंगात कॉलरला लोकर लावलेला नवा झगा होता आणि बरोबर राजाचा एक कारकून. कारकून खानावळीत उतरला. मोगेन्स सरळ विलाड्सच्या कारखान्यात आला, सिडसेलला तब्येत विचारली, शेकोटीजवळ हात शेकले, आणि मग झग्यातून एक घडी केलेला कागद काढला.

"ही नक्कल आहे," तो म्हणाला. "अस्सल राजाच्या दप्तरात गेली. उद्या सभेत वाचायची. म्हटलं तू आधी बघावंस."

विलाड्सनं वाचायला सुरुवात केली. अक्षर सुंदर होतं. राजाला आणि त्याच्या वंशजांना सर्व सत्ता, कायदा करण्याची आणि कायदा मोडण्याची, कर बसवण्याची, युद्धाची, नेमणुकांची. त्यांच्यावर देवाशिवाय कोणी नाही. आजवरची सगळी वचनं, करार आणि सनदा राजाच्या मर्जीवर. आणि हे आम्ही नोर्विगचे नागरिक राजीखुशीनं, कोणाच्या दबावाशिवाय लिहून देतो. खाली शिक्क्याची जागा. शिक्क्याच्या डावीकडे मोगेन्स ब्रांट. उजवीकडे त्याचं स्वतःचं नाव.

त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मजकूर तोच होता.

"यात नियम कुठे आहेत?" त्यानं विचारलं.

"नियम राजा करील."

"आणि सनद? पंच?"

"पंच राजा नेमील. नगराध्यक्षसुद्धा." मोगेन्सनं घसा साफ केला. "मलाच नेमलंय. तहहयात."

सिडसेलची सुई थांबली. विलाड्सनं नक्कल मेजावर ठेवली. "कोणी वाचून दाखवलं हे? कुठल्या सभेत ठरलं?"

"सभा कसली? सभा झालीच नाही. कारकून मजकूर घेऊन घरोघर फिरत होते. पाद्र्यांनी दिलं, सरदारांनी दिलं, कोपनहेगनवाल्यांनी दिलं. एक माझ्यासमोर येऊन बसला, म्हणाला, तुमच्याकडे शिक्का मारलेला कागद तयार आहे असं ऐकतो, मग अडचण काय? दारात दोन शिपाई. मी काय म्हणणार होतो, विलाड्स? नोर्विग तेवढं नाही म्हणतंय? एकटं नोर्विग?"

"कागद हरवला म्हणायचं होतंस. जाळायचा होतास. खायचा होतास!"

"आणि मग? मजकूर दुसऱ्या कागदावर लिहून इथे आले असते, फौज घेऊन. मी गाव वाचवलं."

"आणि तहहयात नगराध्यक्ष झालास."

"कोणीतरी होणारच होतं," मोगेन्स म्हणाला. हे मात्र त्यानं मान वर न करता म्हटलं. "परक्या कोणाला बसवलं असतं. आता निदान आपला माणूस आहे. तू उद्या फक्त गप्प बस. तुझीही मी सोय केलीये."

"माझी कसली सोय?"

"कळेल. तू माझा मित्र आहेस, तुला मी उघड्यावर टाकीन का?"

तो निघाला तेव्हा सिडसेल दारापर्यंत गेली. "मोगेन्स," ती म्हणाली, "पत्र पोचायच्या आधीच मी तापानं मेले असते तर बरं झालं असतं. विलाड्स कागद घेऊन तिथेच राहिला असता." मोगेन्सनं टोपी घातली आणि बर्फातून निघून गेला. विलाड्स मेजावर कोपरं टेकून बसला. त्याला राजाचा राग येत नव्हता, राजाला तो ओळखतच नव्हता. पण ज्या माणसाशेजारी तीन महिने एका पलंगावर झोपलो, ज्याच्या घोरण्याचीही सवय झाली, त्यानं कोपऱ्यातली आपली सही अशी वापरावी, हे त्याच्या काळजात मोडलेल्या सुईसारखं अडकून बसलं.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. बाया खिडक्यांबाहेर उभ्या होत्या. पंचांचा बाक नेहमीसारखा रिकामा ठेवलेला होता, निवडून आलेल्यांनी जाऊन बसायचं म्हणून. लोक आपापसांत ठरवत होते, कोणामागे उभं राहायचं. मोगेन्सनं मजकूर वाचला. शेवटाला येईपर्यंत कोणाला नीट उमगलंच नाही. उमगलं तेव्हा मागून रासमुसचा आवाज आला.

"हे कोणी लिहून दिलं?"

"आपणच," मोगेन्स म्हणाला. "खाली गावाचा शिक्का आहे. माझी सही आहे. विलाड्सची आहे."

सगळ्या माना वळल्या. विलाड्स उठला. कालपासून त्यानं एवढं एकच ठरवलं होतं आणि त्यात त्याला शंका नव्हती.

"सही माझी आहे," तो म्हणाला. "तुमच्यासमोर केली. तेव्हा वर काही लिहिलेलं नव्हतं, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. हा मजकूर मी काल दुपारी पहिल्यांदा वाचला. मी तुम्हाला शब्द दिला होता आणि कागद दुसऱ्याच्या हातात देऊन आलो. ती चूक माझी, तिची मला काय हवी ती शिक्षा द्या. पण हे नोर्विगनं लिहून दिलेलं नाही. हे मी देवाच्या आणि राजाच्या कारकुनाच्या समोर सांगतो."

कारकुनानं लिहिणं थांबवलं. क्षणभर वाटलं, छत खाली येतंय. एवढा गलका झाला. बाक वाजायला लागले, खिडक्यांतून बाया ओरडायला लागल्या. "खरं बोलतोय तो!" रासमुस बाकावर चढला. "मी पाहिलाय कागद, कोरा होता! आम्ही सगळे सांगू! विलाड्स, लेका, आम्ही आहोत तुझ्यामागे!" आणि खरोखर लोक सरकले, दहा, वीस, चाळीस जण, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे विलाड्सच्या पाठीमागे येऊन उभे राहिले. मान न वळवताही त्याला त्यांचे श्वास मानेवर जाणवत होते. कालपासून प्रथमच त्याला वाटलं की काहीतरी वाचेल.

मोगेन्स रागावला नाही. त्यानं गलका ओसरू दिला. मग कारकुनाकडून दुसरा कागद घेतला, लाल मोहोरेचा, आणि म्हणाला, "राजानं नेमलेल्या पंचांची नावं वाचतो." तो एकेक नाव स्पष्ट वाचत गेला. पहिलं नाव सरदार टागेच्या कारभाऱ्याचं होतं. दुसरं त्या कारभाऱ्याच्या मेहुण्याचं.

"तिसरे," मोगेन्सनं वाचलं, "विलाड्स, हातमोजेवाले. राजसेवेत दाखवलेल्या निष्ठेबद्दल. तहहयात."

विलाड्सच्या मानेवरचे श्वास एकेक करून दूर गेले. लाकडी फरशीवर पावलं सरकत गेल्याचा आवाज त्याला ऐकू येत होता. घाई कोणी करत नव्हतं.

"मी मागितलं नव्हतं," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "मला माहीतही नव्हतं! मोगेन्स, सांग त्यांना!"

मोगेन्स त्याच्याकडे असा बघत होता की जणू वाढदिवसाची भेट दिली आणि घेणाऱ्यानं ती जमिनीवर आपटली. वाईट गोष्ट ही, की त्यानं ते खरंच मैत्रीखातर केलं असावं.

"मी हे पद घेत नाही," विलाड्स म्हणाला.

"घेत नाही असं आता म्हणता येणार नाही," कारकून पहिल्यांदाच बोलला. आवाज अगदी सौम्य होता. "राजाच्या नेमणुकीला नकार देण्याचा अधिकार प्रजेला नाही. तुम्हीच लिहून दिलंय." आणि त्यानं नक्कल उचलून उजवीकडच्या सहीवर बोट ठेवलं. "मघाशी जे बोललात, ते मी लिहिलेलं नाही. पंचांचं बोलणं सांभाळून घ्यायचं असतं."

विलाड्स लोकांकडे वळला. आता त्याला शिव्या हव्या होत्या. या सभागृहात पंचांना चोर म्हटलं जायचं, बायकांवरून बोललं जायचं. गेल्याच वर्षी विहिरीचा दोर बदलला नाही म्हणून रासमुसनं एका पंचाच्या अंगावर सडका सलगम भिरकावला होता. कोणीतरी काहीतरी फेका, असं त्याला ओरडावंसं वाटलं. फेका, म्हणजे मी अजून तुमचाच आहे हे मला कळेल.

रासमुस बाकावरून खाली उतरला होता. त्यानं कारकुनाकडे पाहिलं, लाल मोहोरेकडे पाहिलं, मग हळूच डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरली. त्याला बघून बाकीच्यांनी काढली. हातमोजेवाल्यांच्या म्हाताऱ्या कारागिरांनीही काढली, ज्यांनी विलाड्सला सुई धरायला शिकवलं होतं.

"रासमुस," विलाड्स म्हणाला, "तू तरी बोल. काय वाटेल ते बोल."

रासमुसची नजर जमिनीवर होती. "आम्ही काय बोलणार, साहेब?" तो म्हणाला. "तुम्ही बसून घ्या. तुम्ही बसल्याशिवाय आम्हाला जाता यायचं नाही."